मत देणे आणि मत मोजणे

निवडणूक म्हटली की शाळेतली मतदानाची खोली, बाहेरची रांग, बोटाला लावलेली शाई आणि संध्याकाळपर्यंत चाललेली उमेदवारांच्या माणसांची धावपळ, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे निवडणुकीचे बाह्य अंग झाले. तिचे अंतरंग निराळेच आहे. मत देण्याचा अधिकार कोणाला, ते मत थेट प्रतिनिधीला द्यावयाचे की प्रतिनिधी निवडणाऱ्याला, आणि दिलेली मते मोजावयाची कशी, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की निवडणुकीची जात बदलते. त्यातला तिसरा प्रश्न सामान्य माणसाच्या लक्षात सर्वांत कमी येतो. मतदार तेच, उमेदवार तेच, लोकांचा कौलही तोच. आणि तरीसुद्धा मोजण्याची रीत पालटताच निकाल पालटू शकतो. आज मला मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. उदाहरणे फार लांबून आणण्याची गरज नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांशी ज्यांची नावे जोडली गेली आहेत अशा माणसांच्या निवडणुका पाहिल्या तरी पुरे आहे.

पण अगोदर पहिला प्रश्न. मत कोणाला?

महाडची नगरपालिका जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातली. ५ जानेवारी १९२४ रोजी या नगरपालिकेने एक ठराव केला. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी जो ठराव संमत करून घेतला होता, त्याला अनुसरून महाडच्या हद्दीतील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करण्यात आले. त्यांत चवदार तळेही आले. ठराव झाला, कागदावर चढला, आणि तीन वर्षे तळ्याचे पाणी होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन ते पाणी प्राशन केले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सुधारणेच्या बाजूचे होते. पण त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

लोकनियुक्त संस्थेने असा ठराव करावा आणि तिनेच तो परत घ्यावा, हे कसे झाले? त्या काळी नगरपालिकेला मत देणारा माणूस म्हणजे ठराविक कर भरणारा किंवा ठराविक मालमत्ता असलेला माणूस. ज्यांच्या पाण्याविषयी हा ठराव होता, त्यांची नावे मतदारांच्या यादीत जवळजवळ नव्हतीच. सभासदाला पुन्हा निवडून यावयाचे असते, आणि तो कोणाची नाराजी ओढवून घ्यावयास भितो हे यादीवरून ठरते. यादीत ज्याचे नाव नाही त्याची नाराजी फुकट जाते. तळ्याचा वाद पुढे दिवाणी न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो निकालात काढला. तळ्यावर केवळ स्पृश्यांचाच हक्क असल्याची अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असे न्यायालय म्हणाले. दहा वर्षांनी न्यायाधीशांनी दिले ते नगरपालिकेच्या मतपेटीला देता आले नव्हते, कारण पेटीत पडणारी मतेच मुळी निवडक होती.

हीच स्थिती प्रांताच्या कायदेमंडळाची. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या पुष्कळ वाढली असे त्या वेळी कौतुकाने सांगितले जाई. तरी ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येपैकी सुमारे सातव्या हिश्श्याच्याच हाती मत आले. मुसलमान आदी काही समाजांसाठी विभक्त मतदारसंघ, म्हणजे त्या समाजाचा मतदार आपल्याच समाजाच्या उमेदवाराला मत देणार. दलित वर्गांसाठी मात्र २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा अशी व्यवस्था ठरली. तीतही एक चमत्कारिक पायरी होती. राखीव जागेसाठी चाराहून अधिक उमेदवार असतील तर प्रथम दलित वर्गाच्या मतदारांनीच त्यांतून चौघे निवडावयाचे, आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एक. ही दुहेरी निवडणूक स्वातंत्र्यानंतर गेली. राखीव जागा राहिली, पण सर्वांनी मिळून एकदाच मत देण्याची. सरसकट प्रौढ मतदान प्रथम १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आले. तेव्हा वयाची अट एकवीस वर्षांची होती. १९८९ पासून ती अठरा वर्षांची आहे.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळू.

सर्वांत सोपी रीत आपण लोकसभेला आणि विधानसभेला वापरतो. एक मतदारसंघ, एक जागा, प्रत्येकाचे एक मत. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असे नाही, इतरांपेक्षा एक अधिक असली की झाले. महाड विधानसभा मतदारसंघात महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके व माणगाव तालुक्याचा काही भाग येतो. हा मतदारसंघ रायगड लोकसभा मतदारसंघाचा एक षष्ठांश. गंमत अशी की रायगड लोकसभा मतदारसंघात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर हेही येतात, आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत व उरण हे मात्र मावळच्या मतदारसंघात गेले आहेत. मतदारसंघाच्या सीमा लोकसंख्या पाहून आखलेल्या असतात. जिल्ह्याचे नाव पाहून कोणी खासदार शोधू लागला तर त्याची फसगत व्हावयाची.

या सोप्या रीतीचा धारदारपणा रायगडकरांनी २०१४ साली अनुभवला. त्या निवडणुकीत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा अवघ्या २,११० मतांनी पराभव केला. दोघांनाही चार लाखांच्या आसपास मते होती. तटकरे यांच्याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार त्या यादीत होते आणि त्यांना नऊ हजारांहून अधिक मते पडली. ती सर्व मते चुकूनच पडली असे कोणी म्हणू शकणार नाही. मतदाराच्या मनातले यंत्राला वाचता येत नाही. पण दोन हजारांच्या फरकापुढे नऊ हजारांचा आकडा ठेवला म्हणजे या पद्धतीत पराभूतांची मते किती महत्त्वाची असतात हे दिसते. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या उमेदवाराकडे गेलेले मत मोजले जाते, पण पुढे कोठेच जात नाही. ते तेथेच संपते. अशा उमेदवाराला एकूण वैध मतांचा सहावा हिस्साही न मिळाला तर त्याची अनामत रक्कमही जप्त होते. लोकसभेसाठी ती पंचवीस हजार रुपये आणि विधानसभेसाठी दहा हजार रुपये असून अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना निम्मी भरावी लागते.

एकाच मतदारसंघातून दोन किंवा तीन प्रतिनिधी निवडावयाचे असले म्हणजे गोष्ट अधिक रंगतदार होते. मतदाराला जितक्या जागा तितकी मते द्यावयाची, हे तर उघड. पण ती मते त्याने कशी द्यावयाची? येथे दोन पंथ आहेत. एका पंथाप्रमाणे एका उमेदवाराला एकच मत देता येते. दुसऱ्या पंथाप्रमाणे आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता येतात. पहिल्याला वाटपाचे मतदान म्हणावे, दुसऱ्याला एकवटलेले मतदान.

फरक किती पडतो हे एका कल्पित गावावर पाहू. एका प्रभागात एक हजार मतदार आहेत आणि तीन जागा भरावयाच्या आहेत. वरल्या वाडीचे सहाशे मतदार, खालच्या वाडीचे चारशे, आणि दोन्ही वाड्या आपापल्या माणसांशी एकनिष्ठ. वाटपाच्या रीतीने वरल्या वाडीच्या तिन्ही उमेदवारांना प्रत्येकी सहाशे मते पडतील आणि खालच्या वाडीच्या उमेदवारांना प्रत्येकी चारशे. तिन्ही जागा वरल्या वाडीला. खालची वाडी पाच वर्षे हात चोळीत बसणार. आता एकवटण्याची मुभा द्या. खालच्या वाडीचे चारशे मतदार आपली बाराशे मते एकाच उमेदवाराला देतील. वरल्या वाडीजवळ अठराशे मते आहेत. ती तिघांत वाटली तर वाट्याला सहाशेच येतात, दोघांत वाटली तर नऊशे. काहीही केले तरी खालच्या वाडीचा एक माणूस निवडून येणारच. मतदार तेच, त्यांच्या आवडीनिवडी त्याच. पण एका रीतीने तीन विरुद्ध शून्य, दुसरीने दोन विरुद्ध एक.

अल्पसंख्य मतदारांच्या दृष्टीने यात केवढे अंतर आहे हे डॉ. आंबेडकर पुरते ओळखून होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा अनेक जागांच्या मतदारसंघांत मते एकवटण्याची पद्धत होती. मुंबई शहरातील भायखळा व परळ या मतदारसंघातून ते उभे होते आणि राखीव जागेसाठी त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. आंबेडकर निवडून आले. चवदार तळ्याचा उच्च न्यायालयातील निकाल त्यानंतर महिन्याभरातच लागला.

पुढे जानेवारी १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या लोकसभा मतदारसंघात तेच राखीव जागेसाठी उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मते दोन. परंतु आता एका उमेदवाराला एकच मत देता येत होते. एक मत स्वतःच्या माणसाला दिले की दुसरे द्यावयाचे तर दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागणार, नाहीतर वाया घालवावे लागणार. नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. केवळ पद्धत बदलली म्हणून हा पराभव झाला असा निष्कर्ष मी काढणार नाही. तेव्हा देशात काँग्रेसची लाट होती, मतदारांची यादी पंधरा वर्षांपूर्वीच्या मानाने कितीतरी मोठी होती आणि प्रतिपक्षही बदललेला होता. पण दुसऱ्या मताचे काय करावयाचे हा प्रश्न त्या निवडणुकीत कळीचा ठरला, इतका की आंबेडकर आणि त्यांचे सहउमेदवार अशोक मेहता यांनी त्यावरून निवडणूक अर्जही दाखल केला होता. तो फेटाळण्यात आला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर पुन्हा उभे राहिले आणि तेथेही त्यांना अपयश आले. दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

लोकसभेतून गेले तरी गावातून ते गेलेले नाहीत. महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीत मतदाराला एका प्रभागात दोन किंवा तीन मते द्यावी लागतात, प्रत्येक जागेला एक, आणि सरपंचासाठी वेगळे. जागा ओळखता याव्यात म्हणून यंत्रावर वेगवेगळ्या रंगांच्या पत्रिका लावतात. वर सांगितलेली वरल्या आणि खालच्या वाडीची गोष्ट म्हणूनच केवळ कल्पित समजू नये. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते. पण पॅनेल असते, आणि सगळ्या जागा एकाच पॅनेलने जिंकल्या अशी बातमी आपण वाचतो तेव्हा तीत पॅनेलच्या लोकप्रियतेइतकाच हिशेबाच्या रीतीचाही हात असतो. जागा स्त्रियांसाठी अगर अनुसूचित जातींसाठी राखीव ठेवल्याने एकाच वाडीचे अगदी एकाच थरातले लोक निवडून येत नाहीत, एवढी सोय झाली आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत.

कोकणात आणखी एक प्रकार पुष्कळ चालतो, तो म्हणजे बिनविरोध निवडणूक. देवळात गावकी बसते, मुंबईकर चाकरमान्यांना निरोप जातो, आणि जितक्या जागा तितकेच अर्ज भरले जातात. कायद्याच्या दृष्टीने हीही पूर्ण निवडणूकच. मतदान तेवढे होत नाही. खर्च वाचतो, भाऊबंदकी वाढत नाही, हे त्याचे गुण. देवळातल्या त्या बैठकीला कोणकोण बसले होते आणि कोण बाहेर उभे होते, हा १९२४ सालचा प्रश्न मात्र तेथे पुन्हा दारात येतो. आणि हीच बैठक जेव्हा लिलावाचे रूप घेते तेव्हा तर निवडणुकीचे नावही तिला शोभत नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावी सरपंचपदाचा असा लिलाव झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूकच रद्द केली.

सरपंच कोणी निवडावा याविषयी आपल्या राज्याचे मन स्थिर राहिलेले नाही. पूर्वी निवडून आलेले सभासद आपल्यातून सरपंच निवडीत. २०१७ साली तो थेट मतदारांनी निवडावा असे ठरले, २०२० साली ते रद्द झाले, २०२२ साली पुन्हा आले. नगराध्यक्षाचीही गोष्ट अशीच: २०१६ ला थेट, २०२० ला सभासदांकडून, २०२२ पासून परत थेट. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही आहे. सभासदांनी निवडलेला अध्यक्ष बहुमताचा असतो म्हणून त्याचे काम अडत नाही. पण चार-दोन सभासद फुटले की त्याची खुर्ची डळमळते, आणि त्या चार-दोघांचे मोल अवाच्या सवा वाढते. थेट निवडलेला अध्यक्ष अशा सौद्यांपासून सुरक्षित असतो. पण सभागृहात त्याच्या विरोधकांचेच बहुमत असले तर प्रत्येक ठरावाला ओढाताण ठरलेली. माझा स्वतःचा कल थेट निवडणुकीकडे आहे. मात्र कोणतीही एक रीत निदान दहा वर्षे चालू द्यावी, म्हणजे तिचे गुणदोष लोकांच्या अनुभवाला येतील.

जिल्हा परिषदेचा प्रकार थोडक्यात सांगतो. एका गटातून जिल्हा परिषदेचा एक सभासद, आणि त्याच गटाचे दोन गण करून प्रत्येकातून पंचायत समितीचा एक सभासद. मतदार दोन्हींसाठी एकाच वेळी मत देतो. अध्यक्ष व सभापती मात्र निवडून आलेले सभासद ठरवितात. सहकारी सोसायटीत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. जेथे भागाप्रमाणे मत असते तेथे तो व्यापारी कंपनीचा व्यवहार होय.

आता अप्रत्यक्ष निवडणूक. येथे मतदार हा स्वतःच कोणाचा तरी प्रतिनिधी असतो, आणि मते बहुधा पसंतीक्रमाने द्यावयाची असतात. मतपत्रिकेवर ठसा मारावयाचा नसतो. पहिली पसंती १, दुसरी २, असे आकडे लिहावयाचे असतात. ही पद्धत समजावून देण्यास महाड तालुक्याइतके चांगले उदाहरण भारतात क्वचितच दुसरे सापडेल.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते या गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली ते त्या वेळच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ही झाली त्यांची साधी, थेट निवडणूक. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि १९६९ साली ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले.

राष्ट्रपतीला संसदेचे दोन्ही सभागृहांतले आणि राज्यांच्या विधानसभांतले निवडून आलेले सभासद निवडतात. प्रत्येकाच्या मताला लोकसंख्येच्या हिशेबाने वजन असते. १९७१ च्या शिरगणतीवरून महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ ठरले आहे, उत्तर प्रदेशातील आमदाराचे २०८, गोव्यातील आमदाराचे २०. महाडच्या आमदाराने लिहिलेला पहिल्या पसंतीचा एक आकडा अशा रीतीने १७५ मतांइतका मोजला जातो. निवडून येण्यास एकूण वैध मूल्याच्या निम्म्याहून अधिक मिळालेच पाहिजे. कोणालाही ते न मिळाले तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढली पसंती पाहावयाची आणि ती मते त्या त्या उमेदवाराला द्यावयाची. असे होता होता कोणी तरी निम्म्याची रेघ ओलांडतो.

१९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि चिंतामणराव देशमुख हे तीन प्रमुख उमेदवार होते. विजयासाठी ४,१८,१६९ इतके मूल्य हवे होते. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मिळाले. पुढे असूनही गिरी यांना रेघ ओलांडता आली नाही. मग एकेक उमेदवार बाद होत गेला, आणि शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडून त्यांवरची दुसरी पसंती पाहण्यात आली. तीतला फार मोठा वाटा रेड्डी यांच्याकडे गेला. त्यांचा आकडा ४,०५,४२७ पर्यंत चढला. गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून राष्ट्रपती झाले. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजून निकाल लागण्याचा हा आजवरचा एकमेव प्रसंग, आणि तिसऱ्या क्रमांकावर राहून तो घडविणारे गृहस्थ नाते गावचे. २०१४ च्या रायगडाशी हे ताडून पाहावे. तेथे तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांची मते जागच्या जागी संपली. येथे तिसऱ्याच्या मतांनी पहिल्या दोघांतील अठ्ठ्याऐंशी हजारांचे अंतर पंधरा हजारांवर आणले.

एकाहून अधिक जागा असतील तर पसंतीक्रमात आणखी एक हिशेब शिरतो. राज्यसभेच्या निवडणुकीत प्रत्येक आमदाराचे मत शंभर धरतात, मग एकूण मूल्याला जागांच्या संख्येत एक मिळवून भागतात आणि भागाकारात पुन्हा एक मिळवितात. तो विजयाचा कोटा. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून सहा जागांसाठी सात उमेदवार होते. वैध मते २८४, म्हणजे मूल्य २८,४००. त्याला सातांनी भागून एक मिळविला की ४,०५८. म्हणजे एक्केचाळीस आमदारांची पहिली पसंती मिळाली की उमेदवार निर्धास्त. दोन उमेदवारांना प्रत्येकी अठ्ठेचाळीस मिळाली. त्यांना इतक्यांची गरज नव्हती; मग ही वरकड मते वाया घालवावयाची काय? नाही. कोट्यावरचे मूल्य त्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीकडे वळते. सहाव्या जागेसाठी संजय पवार यांना पहिल्या पसंतीची तेहतीस आणि धनंजय महाडिक यांना सत्तावीसच मते होती. तरी वरकड मते येऊन मिळाल्यामुळे महाडिक विजयी झाले. साध्या मोजणीत तेहतीस हे सत्तावीसांहून अधिकच असतात. येथेही ते अधिकच होते. पण सत्तावीसांच्या पाठीमागे दुसऱ्या पसंतीची शिस्तशीर रांग उभी होती.

याच जातीच्या पद्धतीने डॉ. आंबेडकर १९४६ साली बंगालच्या विधानसभेतून घटना समितीवर गेले. मुंबईच्या विधानसभेत तेव्हा त्यांच्या पक्षाचे बळच नव्हते. फाळणीनंतर १९४७ च्या जुलैमध्ये ते मुंबईतून पुन्हा घटना समितीवर आले. आणि १९५२ च्या जानेवारीत लोकसभेला पडल्यावर दोनच महिन्यांत मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठविले. ज्या माणसाने घटनेच्या मसुद्याचे काम पाहिले, तो थेट निवडणुकीने नव्हे तर या आडवाटेने घटना समितीत पोहोचला होता. अप्रत्यक्ष निवडणुकीला मागील दार म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

महाडच्या मतदाराचा पसंतीक्रमाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो विधान परिषदेच्या निमित्ताने. या सभागृहात अठ्ठ्याहत्तर जागा आहेत. तीस आमदार निवडतात, बावीस स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात, सात पदवीधर, सात शिक्षक, आणि बारा जण राज्यपाल नेमतात. कोकण पदवीधर मतदारसंघात पदवी घेऊन तीन वर्षे झालेल्या रहिवाशाला मत आहे. पण त्याची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, म्हणून मागल्या वेळी नाव होते यावर विसंबून चालत नाही. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या लेखणीनेच आकडा लिहावयाचा. फुली किंवा सही केली तर मत बाद. पुष्कळ सुशिक्षितांची मते अशी बाद होतात, आणि निरक्षर मतदाराची मात्र यंत्रावर सहसा होत नाहीत! शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यापुढील शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाच मत आहे. प्राथमिक शाळेचा गुरुजी, जो बहुधा प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर राबत असतो, त्याला तेथे स्थान नाही. ही विसंगती कोणी तरी दूर करावयास हवी.

राहिल्या स्थानिक संस्थांच्या जागा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून अशी एक जागा आहे. जिल्हा परिषदांचे व नगरपालिकांचे सभासद तिचे मतदार. १९२४ सालच्या महाड नगरपालिकेची आजची वारसदार नगरपरिषदही त्यांत आली. या जागेची मुदत २०२४ साली संपली. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्याने राज्यातील स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या होत्या, सभागृहे रिकामी होती आणि कारभार प्रशासक पाहत होते. मतदारसंघातील निदान तीन चतुर्थांश संस्था चालू असल्या पाहिजेत आणि तीन चतुर्थांश मतदार पदावर असले पाहिजेत, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. त्यामुळे मुदत संपताच नवी निवडणूक घेता आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी स्थानिक निवडणुकांचा मार्ग मोकळा केला. महाडकरांनी २०१६ नंतर आपल्या नगरपरिषदेसाठी पुन्हा मत दिले ते २ डिसेंबर २०२५ रोजी, आणि मोजणी झाली २१ डिसेंबरला.